पासंग

जिनिंगच्या काट्यावर बत्तीस वर्षं काढली.
कापूस यायचा ओला, कोरडा, कवडीचा,
मी वजन पुकारायचो, कडता धरायचो,
आणि इतक्या वर्षांत एकानंही म्हटलं नाही, मास्तर,
तुम्हीपण चढा एकदा.

चढवलं ते आरोग्य केंद्रातल्या टेंभुर्णे मॅडमनी.
साखर उपाशीपोटी एकशे ऐंशी,
जेवल्यावर दोनशे नव्वद.
एवढे आकडे मी फक्त क्विंटलात ऐकले होते.

मॅडमनी कागदावर ताट काढलं,
कंपास लावल्यासारखं गोल.
अर्ध्यात भाजीपाला, पाव हिस्सा भाकर, पाव हिस्सा डाळ.
आणि तेल? अंगठ्यानं बोटाचं पेर दाबून दाखवलं: एवढंच.
मी बघत राहिलो.
आमच्या ताटाला काठ असतो, आत रेघा नसतात.
गोळाभातात कुठे संपतो भात,
कुठे सुरू होतो बेसनाचा गोळा,
आणि वरून ओतलेलं चरचरीत फोडणीचं तेल
ते कोणाच्या खात्यावर मांडायचं?

पुलगाववरून साळा आला.
"भाकर सोडा भाऊजी. अंडे खा, पनीर खा, तूप प्या.
मी अठरा किलो उतरलो."
पँटचा पट्टा ओढून मधली पोकळी दाखवली.
तीन आठवडे त्याचं ऐकलं.
साखर उतरली, खोटं कशाला बोलू.
पण पोटाचा दगड झाला,
आणि तवा थंड असला तरी
रात्री भाजत्या ज्वारीचा वास यायचा.

इकडे जब्बार हमाल.
दुपारच्या सुट्टीत सहा भाकरी, ठेचा, दोन कांदे बुक्कीनं फोडलेले.
त्याची साखर नव्वद.
हसला. म्हणे, "मास्तर, तुम्ही लिवता ते मी उचलतो."

तेव्हा शालिकजी आठवले, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो.
रिकामा तराजू टांगून ते म्हणायचे, पाय.
दोन्ही पारडी रिकामी,
तरी एक गव्हाच्या दाण्याएवढं खाली.
"खोटा नाही तो. त्याचा सुभाव हाय.
पह्यले पासंग काढ, मंग दुनिया तोल."
आणि हलक्या बाजूला चिंचोका बांधायचे,
कधी चिंचोक्याला आणखी अर्धा.

जुन्या काटावहीची कोरी पानं होती. रकाने आखले.
मेडिकलवाल्याकडून टोचायची मशीन आणली.
दोन भाकरी, पातळ वरण: एकशे ब्याण्णव.
वाटीभर भात, ताक: दोनशे दहा.
एक भाकर, अंबाडीची भाजी, घट्ट मूग: एकशे बेचाळीस,
पण चार वाजता हात थरथरले.
पाटवडी-रस्सा, मन भरेपर्यंत: आकडा झकास,
रात्रभर छातीत जाळ.
जळजळीचा रकाना नव्हता. तोही आखला.

पौष अर्धा उलटून गेला तेव्हा कुठे जमलं.
दीड भाकर. दोन नाही, एक नाही, दीड.
जवसाची चटणी, तिच्यात पळीभर कच्चं तेल,
मॅडमच्या बोटाच्या पेरापेक्षा बरंच जास्त.
भिजवलेल्या चण्याची मूठ, माझी मूठ, साळ्याची नाही.
एकशे अडतीस.
दुसऱ्या दिवशी एकशे एक्केचाळीस.
मॅडमनी वही चाळली, चष्मा वर केला,
म्हणाल्या, "हे कागदात बसत नाही."
मग थोड्या वेळानं, "पण तुम्हाला बसतंय."

उरलेली अर्धी भाकर
वच्छला दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणी घालते,
ती कोणत्या दिवसाच्या हिशेबात धरायची
हे अजून ठरायचं आहे.

काल वही तिच्यासमोर सरकवली.
म्हटलं, तुझंपण एक पान उघडू.
ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
"उघडा," म्हणाली,
"पण माया भाताले हात लावू नका.
चिंचोका बांधाचा तं दुसऱ्या अंगानं बांधा."